दुसऱ्याच क्षेत्राच्या प्रदर्शनात का जावं? मला मोटर स्टार्टरने शिकवलेला धडा

मी मोबाईल ॲप डिझाईन करतो. ॲपवाल्यांच्या मीटअपला मी नेहमी जायचो, पण माझी नोकरीतली मोठी अडचण सुटली ती मोशीच्या 'किसान' कृषी प्रदर्शनात! दर डिसेंबरला पुण्याजवळ भरणाऱ्या या प्रदर्शनात मी फक्त मामांना सोबत म्हणून गेलो होतो.

अडचण काय होती?

आम्ही एका दुकानदारासाठी ऑर्डरचं ॲप बनवलं होतं. 'पैसे भरा' दाबलं की स्क्रीनवर नुसतं चक्र फिरायचं. नेट स्लो असलं की लोक पुन्हा बटण दाबायचे आणि पैसे दोनदा जायचे. दुकानदार वैतागून म्हणाला, "हे थांबलं नाही तर काम दुसऱ्याला देतो." आम्ही चक्राचं डिझाईन दोनदा बदललं, फरक शून्य.

स्टॉलवर काय दिसलं?

मामा मोबाईल स्टार्टर बघत होते. फोन लावला की शेतातली मोटर चालू होते आणि फोनवर आवाज येतो, "मोटर चालू झाली आहे." मामा म्हणाले, "हे बेस आहे. रात्री-अपरात्री विहिरीवर जाऊन बघायला नको."

मी स्टॉलवाल्याला विचारलं, "हा आवाज कशाला टाकला?" तो म्हणाला, "आधी नव्हता. मग काम झालं की नाही हे न कळल्याने लोक पुन्हा पुन्हा फोन लावायचे."

अरेच्चा! ही तर आमचीच अडचण होती! परत आल्यावर आम्ही एकदा दाबलं की बटण बंद केलं आणि ठळक मराठीत लिहिलं, "पैसे भरणं सुरू आहे, पुन्हा दाबू नका." दोनदा पैसे गेल्याच्या तक्रारी जवळपास थांबल्या. काम आमच्याकडेच राहिलं.

असं का होतं?

आपल्या क्षेत्रातले सगळे एकाच प्रकारे विचार करतात. बाहेर मात्र तीच अडचण वेगळ्या नावाने कुणीतरी आधीच सोडवलेली असते. तुम्ही चहाचे पैसे देताना स्कॅन करता तो क्यूआर कोड बघा. तो बँकेत नाही, तर जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये १९९४ साली गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी बनला. तो बनवणारे मासाहिरो हारा यांना कल्पना सुचली 'गो' या पटावरच्या खेळातल्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांवरून.

जाताना एवढं करा

१. एकच प्रश्न घेऊन जा, तोही साध्या भाषेत. "पेमेंट फ्लो" नाही, तर "काम झालं हे माणसाला कसं कळतं?"

२. स्टॉलवाल्याला "हे काय आहे?" एवढंच विचारून थांबू नका. "आधी लोकांची तक्रार काय होती?" हेही विचारा. खरी माहिती तिथे मिळते.

३. फोटोसोबत लगेच अर्ध्या मिनिटाची व्हॉईस नोट करा. नुसते फोटो गॅलरीत पडून राहतात.

४. आठवडाभरात एक तरी गोष्ट आपल्या कामात करून बघा.

तुम्ही कॉमर्सला असाल तर शेतीचं, इंजिनिअरिंगला असाल तर पुस्तकांचं प्रदर्शन बघा. पुढच्या वेळी घरचे "चल रे सोबत" म्हणाले, तर कंटाळा करू नका!