तारेची आस
भाचीनं विचारलं, "मामा, माझ्या गिटारचा सूर लगेच विरतो. ई-बो घेऊ का?" छेडल्यावर सूर टिकून राहतो, त्याला सतारिये 'आस' म्हणतात; ती तिला वाढवायची होती.

हा प्रश्न नागपुरात निघाला याचा मला आनंद झाला. भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन 1910 मध्ये अर्थखात्याच्या नोकरीत इथं होते. बाहेरून ऊर्जा देऊन तारेचं कंपन चालू कसं ठेवता येतं, याचा ध्यास त्यांना त्याच काळात लागला होता. स्वरकाट्याला बांधलेल्या तारेवरचे ते प्रयोग 1912 मध्ये कोलकात्याहून प्रसिद्ध झाले.

छेडलेल्या तारेला ऊर्जा एकदाच मिळते. घोडीतून लाकडात, हवेत आणि तारेच्या धातूतच ती झिरपत जाते. सूर लांबवायला काहीजण वापरतात ते कॉम्प्रेसर पेडल ही गळती थांबवत नाही. मावळता आवाज वर उचलतं, सोबत खरखरही. ई-बो मात्र तारेलाच ढकलतो. ग्रेग हीट यांचं हे मुठीत मावणारं यंत्र 1976 मध्ये लोकांसमोर आलं. त्यातली एक कॉइल तारेचं कंपन टिपते, अ‍ॅम्प्लिफायर ते वाढवतो, दुसरी कॉइल त्याच लयीत तारेला चुंबकीय ओढ देते. झोका मागे येऊन वळतो त्या क्षणी आपण धक्का देतो ना, अगदी तसंच. फक्त मोकळ्या पाचव्या तारेवर सेकंदाला 110 वेळा. 9 व्होल्टची बॅटरी आहे तोवर सूर थांबत नाही, आणि गजानं काढल्यासारखा हळूहळू फुलतो. पण एका वेळी एकच तार, कॉर्ड नाही. नायलॉनच्या तारांवर तो चालतच नाही.

खरेदीआधी मी तिला अ‍ॅम्प न लावता प्रत्येक पडद्यावर सूर किती टिकतो ते मोजायला लावलं. एकाच पडद्यावर सूर मरत असेल तर दोष बहुधा त्या पडद्याचा किंवा गिटारच्या मानेचा; सगळीकडे मरत असेल तर आधी जुन्या, गंजक्या तारा बदलाव्यात. अकूस्टिक गिटार असेल तर नागपूरचा मे महिनाही लक्षात घ्यावा. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, वरची फळी खाली बसते, तारा पडद्यांना घासतात.

तिच्या इलेक्ट्रिक गिटारचं, कंपन टिपणारं पिकअप तारांच्या फार जवळ होतं. त्याचं चुंबक जाड तारांना ओढून त्यांचं कंपन दाबत होतं. स्क्रू फिरवून ते खाली घेतलं आणि सूर लांबला. कॉर्ड धरून गाण्याला साथ करायला एवढं पुरेसं होतं. पण तिला यमनचा आलाप वाजवायचाय, गांधारावर निवांत थांबायचंय. त्यासाठी मी म्हटलं, ई-बो घे.