तप, औषध आणि घरातील ज्येष्ठ

चातुर्मास लागला की नांदेड-लातूरच्या जैन घरांत तपाचे वातावरण निर्माण होते आणि त्यात ज्येष्ठ मंडळी सर्वांच्या पुढे असतात. तरुणपणापासून केलेले उपवास सत्तरीतही तसेच निभतील, अशी त्यांची श्रद्धा असते. शरीर मात्र बदललेले असते आणि त्याची जाणीव पुष्कळदा रुग्णालयात गेल्यावरच होते.

उतारवयात रुग्णालयात दाखल होण्याची कारणे बहुधा ठरलेली आहेत : पक्षाघात, हृदयविकार, न्यूमोनिया, मधुमेहातील गुंतागुंत, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आणि पडल्यामुळे मोडलेले खुब्याचे हाड. यांची लक्षणे वृद्धांमध्ये नेहमीसारखी दिसतीलच असे नाही. न्यूमोनिया असूनही ताप नसतो. हृदयविकाराचा झटका येऊनही छातीत दुखत नाही. ‘आजोबा कालपासून असंबद्ध बोलतात’ किंवा ‘आजींनी जेवण सोडले’ एवढेच घरच्यांच्या लक्षात येते आणि ते वयावर ढकलले जाते.

वयाबरोबर तहानेची जाणीवही मंदावते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा आणि चौविहार उपवासातही शरीरातील पाणी झपाट्याने घटते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर सोडियम कमी होऊन ग्लानी येते, तोल जातो. मधुमेहाची काही औषधे उपाशीपोटी घेतल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. उलट, ‘आज उपवास आहे’ म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केल्यास पक्षाघाताचा धोका वाढतो.

म्हणून पर्युषण किंवा दशलक्षण पर्वाच्या दोन आठवडे आधीच डॉक्टरांना व्रताची पूर्ण कल्पना द्यावी. अनेक गोळ्यांची वेळ सूर्यास्तापूर्वी आणता येते, काहींची मात्रा बदलता येते. इन्शुलिन घेणाऱ्यांनी, तसेच हृदय वा मूत्रपिंड दुर्बल असलेल्यांनी त्यांच्या अनुमतीविना उपवास धरू नये.

यात धर्माला बाधा नाही. सोळा भावनांमध्ये तपाला ‘शक्तितः’ हे विशेषण जोडलेले आहे. श्वेतांबर परंपरेतील पच्चक्खाणातही तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून आगार, म्हणजे सवलत ठेवलेली आहे. ज्यांना उपवास झेपत नाही, त्यांना स्वाध्याय, सामायिक आणि मौन यांचा मार्ग मोकळाच आहे. हे मुलांनी सांगण्यापेक्षा गुरुमहाराजांच्या मुखातून आले, तर ज्येष्ठांच्या मनाला अधिक पटते.

दुकानाच्या खातेवहीत पैशापैशाची नोंद ठेवणाऱ्या घरांत आजोबांच्या गोळ्यांची यादी मात्र सापडत नाही. ती एका कागदावर लिहून घरात सर्वांना दिसेल अशी लावावी. तोंड वाकडे होणे, एका हातातील बळ जाणे वा जीभ अडखळणे यांपैकी काहीही दिसल्यास उपवास कधी सुटतो याची वाट पाहू नये. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. लक्षण सुरू झाल्याची वेळ आणि ती यादी घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.