गच्चीवरची भिंगाची दुर्बीण: 'पट' विसरा, आधी स्टँड बघा

खोक्यावर ठळक अक्षरांत '५२५ पट' लिहिलेलं असतं. बाजूला शनीचा झकास रंगीत फोटो. आपण हौसेने दुर्बीण घरी आणतो, गच्चीवर मांडतो, पोरांना हाका मारतो आणि आत दिसतो एक थरथरणारा, अंधुक ठिपका. दोन-तीन रात्री खटपट होते आणि मग दुर्बीण माळ्यावर जाते. पैसे गेले त्याचं एवढं वाटत नाही, पण पोरांची उत्सुकता गेली की ती परत आणणं अवघड.

माझी पहिली दुर्बीणही वर्षभर अशीच माळ्यावर पडून होती. गंमत म्हणजे तिचं भिंग चांगलं होतं. चुकलं होतं ते बाकीचं सगळं. तेच आज समजून घेऊ.

रिफ्रॅक्टर म्हणजे काय?

दुर्बिणी मुख्यतः दोन प्रकारच्या. आरशाने प्रकाश गोळा करते ती रिफ्लेक्टर आणि भिंगाने गोळा करते ती रिफ्रॅक्टर. रिफ्रॅक्टरच्या पुढच्या टोकाला मोठं भिंग असतं, ते लांबच्या वस्तूची छोटी प्रतिमा नळीच्या मागच्या टोकाशी तयार करतं. ती प्रतिमा आपण आयपीस नावाच्या छोट्या भिंगाने मोठी करून बघतो. बस्स, एवढंच.

नळी बंद असल्यामुळे आत धूळ कमी जाते. आरसे पुन्हा पुन्हा जुळवत बसावं लागत नाही. उचलली, गच्चीवर नेली, बघायला सुरुवात. सोलापूरच्या धुळीत हा मोठाच फायदा आहे. तोटे दोन: तेवढ्याच रुंदीच्या आरशापेक्षा भिंग महाग पडतं आणि साध्या भिंगात चंद्र किंवा शुक्राच्या कडेला जांभळट झालर दिसते. काच वेगवेगळ्या रंगांना कमी-जास्त वाकवते, म्हणून हे होतं. दोन प्रकारच्या काचा जोडून केलेल्या 'अॅक्रोमॅट' भिंगात ही झालर बरीच कमी होते. त्याहून महागड्या 'अॅपोक्रोमॅट'मध्ये ती जवळजवळ दिसतच नाही. सुरुवातीला अॅक्रोमॅट पुरेसं आहे.

५२५ पट येतात कुठून?

हिशोब सोपा आहे. दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले आयपीसचं नाभीय अंतर, म्हणजे किती पट मोठं दिसणार ते. समजा दुर्बीण ७० मिमी रुंदीची आणि ७०० मिमी नाभीय अंतराची आहे. २५ मिमीचं आयपीस लावलं की २८ पट, १० मिमीचं लावलं की ७० पट. खोक्यात ४ मिमीचं आयपीस आणि ३ पट वाढवणारी बार्लो भिंगाची नळी टाकली की झाले ५२५!

पण ७० मिमीच्या भिंगाने गोळा केलेला प्रकाश तेवढाच असतो. पाव किलो दुधात बादलीभर पाणी ओतलं तर बादली भरते, पण ते दूध राहत नाही. साधारण नियम असा: भिंगाची रुंदी जितके मिमी, त्याच्या दुप्पट ही कमाल मर्यादा. म्हणजे ७० मिमीला १४० पट. रोजची खरी मजा मात्र २५ ते ७० पटीतच आहे.

जेऊरला काय केलं होतं?

आता आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला. करमाळा तालुक्यातल्या जेऊरला, म्हणजे मुंबई-सोलापूर रेल्वेमार्गावरच्या आपल्या जेऊरला, अभ्यासकांचे तळ पडले होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला तिथे होते आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेलही.

कॅम्पबेल यांच्या मुख्य कॅमेऱ्याचं भिंग होतं फक्त ५ इंचांचं, पण त्याचं नाभीय अंतर होतं ४० फूट! इतक्या अंतरावर सूर्याची प्रतिमा थेट साडेअकरा सेंटीमीटरच्या आसपास पडते. भिंग उंच मनोऱ्यावर, फोटोची काच खाली. आणि वाऱ्याने भिंग हलू नये म्हणून त्या मनोऱ्याभोवती दुसरा वेगळा मनोरा, आडोशासाठी. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यासाठी सगळा खटाटोप होता तो भिंग स्थिर ठेवण्याचा.

हाच धडा आपल्या गच्चीवर लागू होतो. ७० पटीने बघताना स्टँडची थरथरही ७० पटीने दिसते. म्हणून घेताना नळीवर हलकी टिचकी मारून बघा. चित्र दोन-तीन सेकंदांत स्थिर झालं पाहिजे. माझ्या दुर्बिणीचा स्टँड असा होता की फोकस करायला हात लावला तरी चंद्र पळायचा. मजबूत स्टँड बसवला, २५ मिमीचं आयपीस लावलं, आणि त्याच भिंगातून गुरूचे चारही चंद्र एका ओळीत दिसले.

स्टँड साधा, वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा घ्या. इक्वेटोरियल स्टँड घ्यायचाच असेल तर एक गोष्ट विचारा: तो १७-१८ अंशांपर्यंत खाली येतो का? सोलापूरचा अक्षांश तेवढाच आहे. बरेच स्टँड थंड, उत्तरेकडच्या देशांचा विचार करून बनवलेले असतात आणि आपल्याकडे त्यांचं वजन पायाला अडतं.

सोलापुरात कधी, काय बघायचं?

उन्हाळ्यात दिवसभर तापलेली स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत असते. त्या हवेतून ग्रह उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखे हलतात. दोष दुर्बिणीचा नसतो. उशिरा बघा, पहाटे बघा, किंवा मोहोळ-अक्कलकोटकडे ओळखीच्या कुणाचं शेत असेल तर तिथे जा. मातीची जमीन लवकर निवते, शिवाय अंधारही मिळतो.

चंद्र पौर्णिमेला नको, अष्टमीच्या आसपास बघा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. शनीची कडी ५० पटीतही वेगळी कळते. थंडीत मृगातला तेजोमेघ आणि कृत्तिका बघा. मे महिन्यात दक्षिणेकडे ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ धूसर गोळ्यासारखा दिसतो. दिल्लीवाल्यांना तो क्षितिजालगत शोधावा लागतो, आपल्याकडे तो चांगला २५ अंश वर येतो.

दोन गोष्टी विसरू नका

भिंग शर्टाच्या टोकाने पुसू नका. आधी रबरी ब्लोअरने धूळ उडवा. थोडी धूळ राहिली तरी चालते, ओरखडा चालत नाही. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरू शकते, म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

आणि सूर्याकडे दुर्बीण कधीही तशीच वळवू नका. क्षणात डोळा जाऊ शकतो. सूर्याचा खात्रीचा फिल्टर नळीच्या पुढच्या टोकाला, भिंगाच्या आधी लागतो आणि छोट्या फाइंडरलाही झाकण हवं. आयपीसला लावायचा छोटा काळा फिल्टर खोक्यात निघाला तर सरळ फेकून द्या. उष्णतेने तो तडकतो.

तुमची दुर्बीण माळ्यावर असेल तर आज रात्री खाली काढा. सगळ्यात कमी पट देणारं आयपीस लावा, म्हणजे ज्यावर सर्वांत मोठा आकडा आहे ते. स्टँडचे पाय कमी उघडा, स्क्रू आवळा. आणि पहिल्यांदा पोरांना बघू द्या.