शिस्टरची वही

'नर्स' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? पांढरा युनिफॉर्म, हातात इंजेक्शन, सलाईनची बाटली आणि 'गर्दी करू नका' म्हणणारा करारी चेहरा. सिनेमानं आणि मोठ्या दवाखान्यांनी हे चित्र पक्कं करून टाकलंय. पण आमच्या मलकापुरातून आंबा घाटाच्या बाजूला निघालं, की डोंगरातल्या वाड्या आणि धनगरवाडे लागतात. तिथं जाणाऱ्या नर्सबाईच्या हातात सुईपेक्षा वहीच जास्त वेळ असते.

सरकारदरबारी ती 'आरोग्यसेविका'. कुणी 'एएनएम' म्हणतं. आमच्या बायका सरळ 'शिस्टर' म्हणतात. सपाटीवर ५ हजार लोकांमागं एक उपकेंद्र आणि डोंगराळ भागात ३ हजारांमागं एक, असा सरकारी नियम आहे. ३ हजार म्हणजे काही फार नाही, असं वाटेल. पण शाहूवाडी तालुक्यात ही ३ हजार माणसं एका जागी राहतात थोडीच! दहा घरं या कड्याखाली, आठ त्या पठारावर. त्यात आमचा पाऊस! आषाढात ओढे फुगले की दोन वाड्यांमधली हाकेच्या अंतराची वाटही बंद होते.

अशा एका शिस्टरबरोबर मी एक दिवस फिरले. 'माझं नाव छापू नका, बाकी काय लिहायचं ते लिवा,' ही तिची एकच अट.

रोपलावणीचे दिवस होते. अंगणवाडीत लसीकरण होतं. खांद्याला लसीचा निळा डबा अडकवून, डोक्यावर इरलं तसा प्लॅस्टिकचा कागद घेऊन ती चढ चढत होती. त्या डब्याचंही एक शास्त्र आहे बरं का! आत २ ते ८ अंश तापमान राहायला हवं. गरम झाली तर लस बिघडते, हे आपल्याला ठाऊक असतं. पण काही लसी गोठल्या तरी वाया जातात. म्हणून बर्फाचे पॅक बाहेर काढून थोडे सुटू द्यायचे आणि कानाजवळ हलवून आत पाणी वाजतंय का ते बघायचं. मगच ते डब्यात भरायचे.

अंगणवाडीत टोचणं अर्ध्या-पाऊण तासात उरकलं. मला वाटलं, झालं काम! पण खरं काम तिथून पुढं सुरू झालं. तिनं वही उघडली आणि आशाताईला विचारलं, "दोन कोण ऱ्हायली?"

एक नाव मुंबईला गेलं होतं. आमच्याकडची माणसं पिढ्यान् पिढ्या पोटापाण्यासाठी मुंबई गाठतात, त्यामुळं हे नेहमीचंच. दुसरं नऊ महिन्यांचं पोरगं आजीबरोबर शेताच्या बांधावर होतं. आम्ही चिखल तुडवत तिथं गेलो. आजी वाकलेली उठली, पण नूर काही बरा नव्हता.

"मागल्या डोसाला पोरगं रातभर किरकिरलं. आता लावणीच्या टायमाला त्येला घिऊन कोन बसनार?"

शिस्टर रागावली नाही. बांधावर टेकली. "मामी, मागच्या वेळी ताप आला न्हवं? या वेळी गोळी देऊन जातो, ताप आला तर कशी द्यायची ते सांगतो. पण गोवराची बाटली साडेबाराला फोडलीया. चार तास चालती, मग टाकून द्यावी लागती. तुमी वाफा पुरा करा, मी थांबतो."

(आमच्या कोल्हापूर भागात बायकाही 'मी जातो, मी थांबतो' म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांनी हसू नये!)

पावणेचारला आजी नातवाला घेऊन आली. वहीत एक टिक पडली. ही एक टिक कुठल्याही बातमीत येत नाही. जो गोवर झालाच नाही, त्याचं कौतुक कोण आणि कशाला करणार?

आपल्या सासूबाईंच्या किंवा आईच्या दंडावर देवीची खूण असेल, ती एकदा नीट बघा. तेव्हा देवी काढायला वेगळा माणूस यायचा, हिवतापाला वेगळा, कुटुंबनियोजनाला तिसराच. एकाच घरात तिघं यायचे आणि त्या घराची पुरती खबर एकालाही नसायची. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीनं सांगितलं, की ही सगळी कामं एकाच बहुउद्देशीय कार्यकर्त्याकडं द्या. त्यातून आजची आरोग्यसेविका घडली. गरोदरपण, बाळंतपण, लसी, पाळणा लांबवणं, साथीचे रोग, क्षयाच्या गोळ्या, सगळं तिच्याच पदरात. उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं करायला २०१८ मध्ये सुरुवात झाली आणि २०२३ मध्ये त्यांचं नाव 'आयुष्मान आरोग्य मंदिर' ठेवलं. आता तिशीपुढच्या माणसांचा बीपी आणि शुगरही तिथं तपासतात. त्यासाठी समुदाय आरोग्य अधिकारी नेमलेत. पण दारोदार जायचं काम अजूनही शिस्टर आणि आशाताईचंच.

या चालण्याचा उपयोग काय? २००४ ते २००६ च्या सुमाराला महाराष्ट्रात दर १ लाख जिवंत जन्मांमागं १३० आया दगावत होत्या. २०१८ ते २०२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. हे सगळं एकट्या नर्सनं केलं असं कुणीच म्हणणार नाही. रस्ते झाले, अँब्युलन्स आल्या, मुली शिकल्या. पण पोलिओचे दोन थेंब पाजायला घरापर्यंत कोण आलं होतं, ते आठवून बघा.

एक आकडा मात्र उलटा चाललाय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या ४८ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं २०१५-१६ मध्ये दिसलं होतं. २०१९-२१ मध्ये ते प्रमाण ५४ टक्क्यांवर गेलं. गोळ्या तर फुकट मिळतात. मग? शिस्टरनं एका घरात फळीवरचा डालड्याचा डबा उघडून दाखवला. आत लोहाच्या गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी! सून खाली मान घालून म्हणाली, "मळमळतंय. आन् शी काळी हुतीया, म्हून भ्या वाटतंय." शी काळी होणं यात घाबरण्यासारखं काही नसतं. मळमळत असेल तर गोळी जेवणानंतर घ्यायची. चहाबरोबर कधीच नाही, कारण चहामुळं लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेलं काहीतरी सोबत असलं तर उत्तम. एवढं सांगायला दोन मिनिटं पुरतात, पण त्या दोन मिनिटांसाठी फळीवरच्या डब्यापर्यंत पोचावं लागतं.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. बाहेरून नर्स आणून गावात ठेवायची, असं त्यांच्याही मनात होतं. पण परक्या गावात एकट्या बाईचा निभाव लागेना. मग त्यांनी गावातलीच एखादी बाई निवडून तिला शिकवलं, आणि नर्स तिच्या पाठीशी उभी राहिली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून हजार लोकांमागं एक आशा आली, तीही गावातलीच. आमच्या शिस्टरचा जीव आशाताईवर आहे तो उगीच नाही. "ती हाय म्हणून मला घरात घेत्यात," म्हणाली.

त्या मुंबईला गेलेल्या नावाचं काय झालं? शिस्टरनं तिथूनच फोन लावला. बाळाची आई म्हणाली, कार्ड गावाकडं ट्रंकेत राहिलंय. आशाताईनं तिच्या सासूला ट्रंक उघडायला लावून कार्डाचा फोटो पाठवला आणि जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात तो दाखवायला सांगितलं. वहीत त्या नावापुढं पेन्सिलीनं 'मुंबई' लिहिलं. डोस झाल्याचा फोन आला की पेनानं लिहायचं. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी असतं, ऊसतोडीच्या टोळ्या हंगामापुरत्या येतात आणि जातात. अशा वेळी नाव हमखास गळतं. म्हणून म्हणते, लेकीला माहेरी आणताना ओटीच्या सामानात माता-बाल संरक्षण कार्ड आधी ठेवा.

उतरताना मी तिला विचारलं, तुला काय कमी पडतं? मला वाटलं, पगाराचं बोलेल. तिच्या कितीतरी मैत्रिणी वर्षानुवर्षं कंत्राटावर आहेत. नाहीतर ऑनलाईन माहिती भरताना डोंगरात रेंज मिळत नाही, याचं तरी बोलेल. तेही बोलली, पण नंतर.

"सकाळपासून पाणी पीत न्हाई बघा ताई मी. दिवसभर बाथरूमला जायचं कुठं? घरच्या बायका चहा इचारत्यात, त्याबद्दल कुणी इचारत न्हाई. मलाबी मागायला लाज वाटती."

त्या दिवशी आम्ही अकरा घरं फिरलो. चहा सात घरांत झाला.