नाताळ परत आला, पण...

आंदणात मुंबई मिळालेला राजा म्हणून दुसरा चार्ल्स आपल्याला माहीत असतो. पण तो गादीवर आला तेव्हा इंग्लंडमध्ये काय झालं, ठाऊक आहे?

आधी सत्ता प्युरिटन मंडळींची होती. त्यांनी चर्चमधले बिशप हटवले, जुनं प्रार्थनापुस्तक बंद केलं, नाताळवरही बंदी घातली! १६४९मध्ये चार्ल्सच्या वडिलांचा शिरच्छेद झाला. १६६०मध्ये चार्ल्स परतला आणि चक्र उलटं फिरलं. बिशप आले, नाताळ आला, बंद पडलेली नाटकंही सुरू झाली. पब्लिक खूश!

येण्याआधी राजानं धर्माच्या बाबतीत सवलतीचा शब्द दिला होता. पण १६६२मध्ये पार्लमेंटनं कायदा केला : २४ ऑगस्टपर्यंत नव्या प्रार्थनापुस्तकाला जाहीर संमती द्या, नाहीतर चर्च सोडा. या उलथापालथीत सुमारे २००० धर्मगुरूंची पदं गेली. प्रवचन थांबवायला नकार देणारा जॉन बन्यन तर १२ वर्षं तुरुंगात राहिला.

म्हणजे माणसं बदलली, सक्ती तीच राहिली. आपल्याला आवडणारी गोष्ट परत येते तेव्हा कुणाचा आवाज बंद होतोय, हे आपण बघतो का?

आणि घर, पगार पणाला लागला असता, तर तुम्ही संमती दिली असती?