‘सेट’: किती अर्थ, किती शब्द?

इंग्रजीतील ‘सेट’ या शब्दाला सर्वांत जास्त अर्थ आहेत, असे सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत आजही छापले जाते. ही माहिती एके काळी बरोबर होती. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाची नोंद सर्वांत मोठी होती. तिचा मजकूर सुमारे 60,000 शब्दांचा होता आणि नुसत्या क्रियापदाच्या 430 अर्थच्छटा तिथे नोंदलेल्या होत्या. पुढे कोशाचे पुनर्संपादन सुरू झाले आणि हा मान आधी ‘मेक’कडे, मग ‘पुट’कडे आणि 2011 मध्ये ‘रन’कडे गेला. ‘रन’ या क्रियापदाच्या 645 छटा नोंदल्या गेल्या.

या आकड्यांमुळे विद्यार्थी उगाच दबून जातात. 430 छटा म्हणजे पाठ करायचे 430 वेगळे अर्थ नव्हेत. शब्दाचा वापर सोबतच्या शब्दानुसार जिथे जिथे थोडा बदलतो, तिथे कोशकार नवा क्रमांक देतो. मराठीतील ‘लागणे’ घ्या: भूक लागते, ठेच लागते, पावसाळा लागतो, निकाल लागतो, झोप लागते, गाव लागते. मराठी माणसाने यांतला एकही अर्थ पाठ केलेला नसतो.

‘सेट’चा गाभा समजायलाही मराठीच उपयोगी पडते. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसवणे. जुन्या इंग्रजीतील ‘सेट्टान’ हे मुळात ‘सिट’चे प्रयोजक रूप होते. ‘लाय’ आणि ‘ले’ किंवा ‘फॉल’ आणि झाड पाडणे या अर्थाचा ‘फेल’ या जोड्याही अशाच जुळल्या आहेत. अंगठीत हिरा बसवणे, निखळलेले हाड बसवणे, कोंबडी अंड्यांवर बसवणे या तिन्ही ठिकाणी इंग्रजी ‘सेट’ वापरते आणि मराठी ‘बसवणे’. जिथे ‘बसवणे’ चालत नाही, तिथे बहुधा ‘लावणे’ चालते: गजर लावणे, आग लावणे, कवितेला चाल लावणे. पण हा धागा सगळीकडे पोहोचत नाही. प्रश्नपत्रिका काढतात, तारीख ठरवतात, जेवणाची पाने मांडतात, सूर्य मावळतो. इंग्रजीत या सगळ्यांना ‘सेट’ चालतो. पाने मांडण्यात आणि तारीख ठरवण्यात एखादी गोष्ट तिच्या जागी पक्की करण्याची मूळ कल्पना अजून स्पष्ट दिसते. सूर्याच्या बाबतीत मात्र अर्थ बसवण्याकडून पुन्हा खाली बसण्याकडे वळला आहे.

या क्रियापदाचे नाते संस्कृतपर्यंत जाते. त्याच्या मुळाशी असलेला प्राचीन धातू आणि संस्कृतातील ‘सद्’ हा धातू एकाच घराण्यातले. म्हणून परिषद, संसद, सदन आणि उपनिषद हे शब्द ‘सेट’चे दूरचे भाऊबंद ठरतात. नोकरी लागून ‘सेटल’ होणे यातला ‘सेटल’ही याच कुळातला. आसन या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून तो आला.

‘डिनर सेट’मधला ‘सेट’ मात्र या क्रियापदापासूनच निघाला, हा समज पूर्ण खरा नाही. समूह या अर्थाचे नाम मोठ्या अंशाने जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिन ‘सेक्टा’पासून आले. ‘सेक्टा’ म्हणजे एखाद्याला अनुसरणारा गट. पंथ या अर्थाचा इंग्रजी ‘सेक्ट’ त्याचाच. उच्चार आणि लेखन जुळल्यामुळे क्रियापदाचा रंग या नामावर चढला आणि आज दोन्ही एकच वाटतात. ‘सेट टॉप बॉक्स’मधला ‘सेट’ हे नामच. ग्राहकाने काही ‘सेट’ करावे, असा त्याचा अर्थ नाही. टीव्ही सेटवर ठेवायची पेटी, एवढाच आहे.

गणितातील ‘सेट’, म्हणजे मराठी पाठ्यपुस्तकांतील ‘संच’, हा कपबशांच्या सेटसारखा असतो असे मानल्याने मुलांची हमखास चूक होते. सहा सारख्या कपांचा सेट दुकानात सहाच कपांचा असतो. संचात मात्र तोच घटक पुन्हा लिहिला तरी भर पडत नाही, आणि क्रम बदलला तरी संच बदलत नाही. 2, 2, 3 असे घटक लिहिले तरी संच 2 आणि 3 यांचाच. या सिद्धांताचा पाया घालणारे गेओर्ग कँटर जर्मनमध्ये लिहीत. त्यांच्या ‘मेंगऽ’ या शब्दासाठी इंग्रजीत पुढे ‘सेट’ रूढ झाला.

महाराष्ट्रात आणखी एक ‘सेट’ रोज कानावर पडतो: महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ ती घेते. तिचा वरच्या कोणत्याही अर्थाशी संबंध नाही. ‘स्टेट एलिजिबिलिटी टेस्ट’ या नावाची ती केवळ आद्याक्षरे आहेत.