दहा संगणक आणि एकच नळ

बल्लारपूरच्या एका शाळेत आम्ही गेलो होतो ते खरे तर विज्ञान मंडळाच्या कार्यक्रमासाठी. कार्यक्रम आटोपून निघताना संगणकाच्या खोलीपाशी मुलांचा घोळका दिसला, म्हणून आत डोकावलो. पाच वाजत आले होते. आठ संगणकांवर एकच चित्र होते. हळूहळू सरकणारी एक पट्टी आणि तिच्याखाली कुठे ६४ टक्के, कुठे ६६. उरलेल्या दोन पडद्यांवर, काम फसले आहे, पुन्हा प्रयत्न करा, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर.

“परवा ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती आली,” संगणक शिकवणाऱ्या मॅडम सांगू लागल्या. “काल दिवसभर प्रयत्न केला, तर सुरूच होईना. आज सकाळी अकराला सगळे एकदम लावले. आता शाळा बंद व्हायची वेळ झाली आणि एकाचंही पूर्ण नाही. सोमवारी शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे आहेत सर. कोठारी, गोंडपिंपरीकडची मुलं त्यासाठी एसटीने येतात, कारण गावात रेंज नाही. त्यांना काय सांगू?”

“आपल्याकडचं नेटच तसं,” दारातून शिपाईमामा म्हणाले. आमचेही पहिले मत तेच झाले होते. पण शाळेची जोडणी तपासली तर ती अगदीच वाईट नव्हती. सेकंदाला १० मेगाबिट माहिती येत होती. मग आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. तेव्हा लक्षात आले की कालचे अपयश आणि आजचे अपयश दिसायला सारखे असले तरी दोष दोन वेगळ्या ठिकाणी होता.

आधी कालचे पाहू. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा सगळा कारभार पाहणारी मूळ प्रणाली. तिची नवी आवृत्ती बनवणाऱ्या संस्थेच्या संगणकांवर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवलेली असते. आपला संगणक तिथून ती उतरवून घेतो, यालाच आपण डाउनलोड म्हणतो. समजा ही आवृत्ती ४ गिगाबाइटची आहे. एक बाइट म्हणजे ८ बिट, म्हणजे ३२ गिगाबिट माहिती झाली. सर्व्हरला सेकंदाला १० गिगाबिट वाहून नेणारी जाड तार जोडलेली आहे असे धरू. आपल्या शाळेच्या हजारपट! एक प्रत बाहेर पडायला तिला ३.२ सेकंद पुरतात. पण प्रकाशनाच्या दिवशी एक लाख माणसे एकदम आली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला १०० किलोबिट येतात आणि प्रत मिळायला ३,२०,००० सेकंद लागतात. म्हणजे तीन दिवस सतरा तास. मोठ्या कंपन्यांकडे असे सर्व्हर पुष्कळ असतात, पण गिऱ्हाइकेही लाखांनी नव्हे, कोटींनी असतात.

नुसता उशीर झाला असता तर एक वेळ चालले असते. पण वाट पाहायची संगणकाची मर्यादा ठरलेली असते. ठरावीक वेळात उत्तर आले नाही की तो जोडणी तोडतो आणि पुन्हा पहिल्यापासून मागणी करतो. माणूसही तेच करतो, चिडून पुन्हा पुन्हा बटण दाबतो. जोडणी तुटण्यापूर्वी सर्व्हरने पाठवलेली माहिती बऱ्याचदा वाया जाते आणि रांगेत मात्र आणखी एका मागणीची भर पडते. गर्दीमुळे अपयश आणि अपयशामुळे आणखी गर्दी, असे हे चक्र आहे.

याचे एक जुने उदाहरण सांगण्यासारखे आहे. १९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिच्या शेजारचे कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यातील जोडणीचा वेग सेकंदाला ३२,००० बिटवरून एकदम ४० बिटवर आला. अंतर होते फक्त ४०० यार्ड. तार तुटली नव्हती. पोच मिळाली नाही म्हणून प्रत्येक संगणक तीच पाकिटे पुन्हा पुन्हा पाठवत होता, आणि तार या प्रतींनीच भरून गेली होती. व्हॅन जेकबसन यांनी यावर उपाय शोधला आणि १९८८ मध्ये तो प्रसिद्ध केला. सुरुवात हळू करायची, आणि पाकीट हरवले की तो गर्दीचा इशारा समजून आपला वेग लगेच कमी करायचा. आजचे इंटरनेट चालते त्यात या सभ्यतेचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडचे उदाहरण तर बहुतेक शिक्षकांनी स्वतः अनुभवले आहे. १६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता दहावीचा निकाल लागला आणि मंडळाची संकेतस्थळे कित्येक तास उघडलीच नाहीत. विद्यार्थी होते सुमारे पावणेसोळा लाख. ते दिवसभरात सारखे विभागून आले असते तर सेकंदाला जेमतेम १८ जण झाले असते. तेच सगळे पहिल्या दहा मिनिटांत आले तर सेकंदाला सुमारे २,६०० होतात. प्रत्येकाने दहादा बटण दाबले की २६,०००. मुले तेवढीच, निकालही तेवढाच. फरक फक्त वेळेचा. पुढच्या वर्षांत निकाल अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवरही मिळू लागला, तो ही गर्दी वाटली जावी म्हणूनच.

एक भेद मात्र लक्षात ठेवावा. निकालाचे पान हलके असते, तिथे अडचण येते ती माणसांच्या संख्येची. बल्लारशाह स्टेशनच्या तिकीट-खिडकीवर गाडी यायच्या आधी होते तशी. प्रणालीची आवृत्ती जड असते, तिथे अडचण मालाची. कोळशाच्या वाघिणींसारखी. पण काही वेळा दोन्ही एकत्र येतात. १२ नोव्हेंबर २०२० रोजी ॲपलने मॅक संगणकांसाठी ‘बिग सर’ ही आवृत्ती खुली केली. अनेकांचे डाउनलोड अडले. गंमत म्हणजे त्याच वेळी, नवी आवृत्ती न घेणाऱ्यांच्या संगणकांवरही साधे कार्यक्रम उघडायला मिनिटे लागू लागली, कारण कार्यक्रम उघडताना ज्या छोट्या सर्व्हरला विचारणा होत असे तोही मंदावला होता. रांगेत नसलेल्यालाही रांगेचा त्रास! मोझिलाने तर २००८ मध्ये फायरफॉक्स ३ साठी विक्रम करायचा म्हणून लोकांना मुद्दाम एकाच दिवशी बोलावले. चोवीस तासांत ८० लाखांवर प्रती गेल्या, पण सुरुवातीला त्यांचेच सर्व्हर कोलमडले.

गर्दीचे हे गणित वर्गात दाखवता येते. बारा मुले घ्या आणि एकाला सर्व्हर करा. तो एका टाळीला जास्तीत जास्त दोघांना उत्तर देऊ शकतो. दोनपेक्षा अधिक जण उभे राहिले तर कुणालाच नाही. पहिल्या टाळीला सगळ्यांना उभे राहू द्या. कुणाचेच काम होत नाही. दुसऱ्या टाळीलाही नाही, दहाव्यालाही नाही. आता प्रत्येकाला फासा टाकायला सांगा आणि जो आकडा पडेल त्या क्रमांकाच्या टाळीला उभे राहायला सांगा. काहींचे काम होईल. ज्यांचे झाले नाही त्यांनी पुढच्या फेरीत दोन फासे टाकून बेरीज घ्यावी, म्हणजे टाळ्या दोनापासून बारापर्यंत पसरतील. दोन-तीन फेऱ्यांत बहुतेक मुले मोकळी होतात. खरे सर्व्हर इतके हट्टी नसतात, पण फसल्यावर थांबण्याचा काळ वाढवत नेणे, आणि तो सगळ्यांचा सारखा न ठेवणे, ही युक्ती संगणक खरोखर वापरतात.

प्रणाली बनवणारेही आता हुशार झाले आहेत. विंडोज १० ची आवृत्ती २९ जुलै २०१५ रोजी आली तेव्हा ती सगळ्यांना एकदम न देता टप्प्याटप्प्याने दिली गेली. उबुंटूची दीर्घ मुदतीची एक आवृत्ती वापरणाऱ्यांना त्यापुढच्या तशा आवृत्तीवर जाण्याची सूचना प्रकाशनाच्या दिवशी मिळत नाही. काही महिन्यांनी पहिली सुधारित प्रत निघाली की मगच मिळते. शिवाय उबुंटूच्या प्रती जगभरातल्या विद्यापीठांत ठेवलेल्या असतात. आपल्याकडे आयआयटी कानपूरने अशी प्रत ठेवलेली आहे. मात्र यातही एक खोच आहे. मूळ सर्व्हरवरून या ठिकाणी माल पोचत असतानाच आपण तिथे गेलो तर यादी नवी आणि फाइल जुनी, असा घोळ होतो. मग आपला संगणक ठशांची जुळणी करतो आणि काम थांबवतो. ठसा म्हणजे सगळी फाइल एका सूत्रातून काढून मिळणारी छोटी खूण. सहलीहून परतताना आपण मुलांची डोकी मोजतो, त्यातलाच प्रकार, पण याहून कितीतरी कडक, कारण एक बिट बदलला तरी ठसा बदलतो. त्या दोन पडद्यांवरचा संदेश पाहून मॅडम घाबरल्या होत्या. खरे तर तो संदेश भल्याचा होता. अर्धवट माल बसवण्यापेक्षा प्रणालीने नकार दिला होता आणि जुनी आवृत्ती शाबूत ठेवली होती.

आता आजचा दोष. आज सर्व्हरवरची गर्दी ओसरली होती, पण नवी गर्दी याच खोलीत होती. १० मेगाबिटच्या जोडणीवर ४ गिगाबाइट उतरवायला एका संगणकाला ३,२०० सेकंद, म्हणजे सुमारे ५३ मिनिटे लागतात. दहांना मिळून जवळजवळ नऊ तास. शाळा अकरा ते पाच, म्हणजे सहा तास.

एका नळावर दहा हंडे आहेत असे समजा. प्रत्येक हंड्यात आळीपाळीने एकेक तांब्या ओतला तर सहा तासांनी सगळे हंडे दोन-तृतीयांश भरलेले असतील आणि एकही पूर्ण नसेल. पडद्यावर दिसणारे ६४ आणि ६६ टक्के ते हेच. तेच हंडे एकामागून एक भरले असते तर पाच वाजता सहा पूर्ण भरले असते, सातवाही बराचसा. नळ तोच, पाणी तेवढेच. पाण्याच्या हंड्यात दोन-तृतीयांश पाणी निदान वापरता तरी येते. प्रणालीचा हंडा काठोकाठ भरल्याशिवाय त्यातला थेंबही उपयोगी पडत नाही.

“म्हणजे दहाही लावले तिथंच चुकलं?” मॅडमनी विचारले. चूक म्हणावी असेही नाही, कुणीही तेच केले असते. सगळ्यांना सारखे द्यावे, हा शिक्षकाचा स्वभावच असतो.

काम रद्द न करता त्यांनी सात संगणकांवरचे डाउनलोड तात्पुरते थांबवले आणि एकच चालू ठेवला. ६७ टक्क्यांच्या पुढचा उरलेला भाग एकट्याला पुरे नळभर पाणी मिळाल्यावर सतरा मिनिटांत भरला. मुलांना ही जादूच वाटली. सव्वापाचनंतर तो पहिला संगणक नव्या आवृत्तीने सुरू झाला तेव्हा शिपाईमामांनीही कुलूप बाजूला ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना बाहेरून फारसे काही आणावे लागले नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नावाची सोय आहे. ती चालू केली की एकाच खोलीतल्या जाळ्यातील संगणक एकमेकांकडून आवृत्तीचे तुकडे घेतात. इतर प्रणालींतही एकदा उतरवलेल्या फाइली स्थानिक जाळ्यातून वाटण्याच्या पद्धती आहेत. खोलीतली तार शाळेच्या बाहेरच्या जोडणीपेक्षा कितीतरी वेगवान असल्याने हे काम मिनिटांचे होते. शनिवार दुपारपर्यंत आठ संगणक तयार झाले. उरलेल्या दोघांच्या जुन्या डिस्कवर जागाच नव्हती. ते मॅडमनी जुन्याच आवृत्तीवर ठेवले, इंटरनेटपासून तोडले आणि टंकलेखनाच्या सरावाला दिले.

सोमवारी अर्ज भरायला त्यांनी मुलांना आठ-आठच्या गटांनी बोलावले. परतीच्या एसटीचा विचार करून कोठारीच्या मुलांचा गट पहिला लावला.